‘आफ्रिकेच्या नेत्यांना मलेरिया घालवायचाच नाही’ : एका मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार गटांवर आला. त्यातला एक गट तर आम्हा निवृत्त आरोग्य कर्मचाऱ्यांचा. तिथेही खाली अंगठ्यांची रांग लागलेली पाहिली आणि राहवलं नाही. मेसेज थोडक्यात असा :

“जगाने मलेरिया संपवला, आफ्रिकेला जमलं नाही. तिथले राष्ट्राध्यक्ष परिषदा भरवतात, जाहीरनामे काढतात आणि पाश्चात्त्यांच्या पैशावर जगतात. एकाही आफ्रिकी देशातून मलेरिया गेलेला नाही. डीडीटीवर बंदी आली नसती तर तो केव्हाच गेला असता. फुकट मिळालेल्या मच्छरदाण्यांनी तिथले लोक मासे धरतात. आता पुण्याची लस आली आहे, ती काम फत्ते करेल.”

मी २७ वर्षं हिवताप विभागात काढली. ताप आलेल्या माणसाचं बोट टोचायचं, काचपट्टीवर थेंब घ्यायचा, नंबर घालून पट्टी प्रयोगशाळेत पाठवायची आणि पावसाळ्याआधी फवारणीच्या टोळीबरोबर गावं पालथी घालायची. आफ्रिकेत मी गेलेलो नाही. पण हा आजार कशाने हटतो आणि कशाने परत येतो, ते मी जवळून पाहिलं आहे. २०२३ मध्ये मलेरियाने जगात ५ लाख ९७ हजार माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि तिथल्या दर चार मृत्यूंपैकी तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. अशा गोष्टीबद्दल चुकीचं पसरत असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

“जगाने संपवला, आफ्रिकेला जमलं नाही”

१९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मलेरिया निर्मूलनाची जागतिक मोहीम हाती घेतली. सहाराच्या दक्षिणेकडचा बहुतेक आफ्रिका त्या मोहिमेत धरलाच नव्हता. तिथलं काम अवघड आहे, पुढे बघू, असं ठरलं. ज्याला परीक्षेला बसूच दिलं नाही, त्याला नापास कसं म्हणायचं?

काम अवघड होतं हे खरंच. आपल्या खेड्यांत मलेरिया पसरवणारी डासाची मादी माणसापेक्षा गुराढोरांकडे जास्त वळते. आफ्रिकेतल्या ॲनोफिलिस गँबिएला माणसाचंच रक्त लागतं. ती घरात शिरून चावते आणि आजार पुढे पोचवण्याइतकी जगतेही. त्यातून पसरणारा परजीवी बहुतेक फॅल्सिपेरम, म्हणजे जीव घेणारा.

आणि आपण तरी ‘संपवला’ का? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू होते. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. मग लक्ष उडालं, डीडीटी हे फवारणीचं औषध वेळेवर मिळेना, डास त्याला दाद देईनात, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. श्रीलंकेत १९६३ साली सगळ्या देशात मिळून १७ रुग्ण होते. पाच-सहा वर्षांत ते लाखोंत गेले. त्यांनी पुन्हा कंबर कसली आणि २०१६ मध्ये मलेरियामुक्तीचा दाखला मिळवला. तेव्हा ‘श्रीलंकेच्या नेत्यांना मलेरिया घालवायचाच नाही’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. गडचिरोलीतले माझे सहकारी आजही काचपट्ट्या गोळा करत फिरतात.

“परिषदा भरवतात, जाहीरनामे काढतात”

काढतात, आणि सगळे पाळत नाहीत. २५ एप्रिल २००० रोजी नायजेरियातल्या अबुजात आफ्रिकी राष्ट्रप्रमुख जमले आणि २०१० पर्यंत मलेरियाचे मृत्यू निम्म्यावर आणू असं म्हणाले. तसं झालं नाही. २००१ मध्ये त्याच अबुजात अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करायचं ठरलं. बहुतेक देश अजून तिथवर पोचलेले नाहीत. यात लपवण्यासारखं काही नाही.

पण त्या २००० च्या कागदाने काय हललं तेही सांगायला हवं. मच्छरदाण्यांवरचे कर आणि जकात काढायचं वचन त्यातच होतं. कर उतरला की मच्छरदाणी बाजारात स्वस्त होते, इतका सरळ हिशेब. २००० साली तिथल्या शंभर लहान मुलांतली जेमतेम तीन औषधी मच्छरदाणीत झोपत होती. आता निम्म्याहून जास्त झोपतात. लोकसंख्या या काळात दुपटीच्या जवळ गेली, तरी आफ्रिकेतले मलेरियाचे मृत्यू ८ लाखांच्या आसपासवरून २०२३ मध्ये ५ लाख ६९ हजारांवर आले. माणसं तितकीच राहिली असती, तर घट आणखी ठळक दिसली असती.

२००९ मध्ये टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेटे यांच्या पुढाकाराने आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांची मलेरियाविरोधी आघाडी उभी राहिली. ‘अल्मा’ हे तिचं लघुनाम. किक्वेटेंनंतर तिचं अध्यक्षपद लायबेरियाच्या एलन जॉन्सन सरलीफ, इथिओपियाचे हैलेमरियम देसालेन, एस्वातिनीचे राजे मस्वाती, केनियाचे उहुरू केन्याटा असं फिरत आलं. या आघाडीचं मुख्य हत्यार म्हणजे एक गुणपत्रक. देशांची नावं एकाखाली एक आणि पुढे रंगीत चौकटी : मच्छरदाण्या किंवा फवारणी पुरेशी होणार आहे का, तपासणी किटसाठी पैसे आहेत का, औषधांसाठी आहेत का. जमलं असेल तर हिरवी, अर्धवट असेल तर पिवळी, नाही तर लाल. बाजूला बाण, मागच्यापेक्षा वर की खाली. हे दर तिमाहीला निघतं आणि ज्यांचं त्यांच्या समोर येतं.

मासिक अहवालात आमच्या उपकेंद्राचं नाव तळाला आलं की आमचे वैद्यकीय अधिकारी कसे कासावीस व्हायचे, हे मी पाहिलं आहे. राष्ट्राध्यक्षांना शेजारच्या देशाच्या हिरव्या चौकटींशेजारी आपली लाल चौकट बघावी लागते, तेव्हा त्याचा काहीच परिणाम होत नसेल असं मला वाटत नाही. भाषणात ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ म्हणता येतं. चौकटीत ते लिहायला जागा नसते.

“पाश्चात्त्यांच्या पैशावर जगतात”

२०२३ मध्ये मलेरियावर जगभरात सुमारे ४०० कोटी डॉलर खर्च झाले. गरज होती ८३० कोटींची. झालेल्या खर्चातला ३७ टक्के वाटा मलेरियाग्रस्त देशांच्या सरकारांचा होता. म्हणजे बाहेरचा पैसा मोठा आहे, मान्य. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा अनेक देशांतली कामं अडली, तेही खरं. पण त्याच फेब्रुवारीत नायजेरियाच्या संसदेने आरोग्याच्या तरतुदीत २० कोटी डॉलर वाढवले, हे मेसेजमध्ये नाही. नायजेरियाच्या गरजेपुढे ती रक्कम लहान आहे. तरी ती त्यांच्याच तिजोरीतली आहे.

मदत घेणं ही शरमेची गोष्ट असेल, तर १९५३ मध्ये सुरू झालेल्या आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमालाही अमेरिकी मदत होती. तिच्या जोरावर फवारलेल्या भिंतींच्या आत आपले आईवडील वाचले. मला त्याची शरम वाटत नाही.

“एकाही आफ्रिकी देशातून गेलेला नाही”

हे वाक्य तर साफ खोटं आहे. मोरोक्कोला मलेरियामुक्तीचा दाखला २०१० मध्ये मिळाला, अल्जीरियाला २०१९ मध्ये, केप व्हर्देला जानेवारी २०२४ मध्ये आणि इजिप्तला ऑक्टोबर २०२४ मध्ये. १९४०च्या दशकात, युद्धाच्या धामधुमीत, याच इजिप्तमध्ये ३० लाखांवर लोक आजारी पडले होते. केप व्हर्देने हा आजार आधी दोनदा घालवला होता आणि दोन्ही वेळा तो परत आला. २०१७ मध्ये राजधानी प्रायात पुन्हा उद्रेक झाला. २०१८ पासून मात्र तिथे स्थानिक लागण नाही.

पण मला मॉरिशसबद्दल थोडं सविस्तर सांगायचं आहे. त्या बेटावर आपली माणसं आहेत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे अजून गणपती बसवतात. मलेरिया त्या बेटावर १८६०च्या दशकात पोचला आणि त्याने हजारो माणसं नेली. त्यांत मळ्यांवरचे हिंदुस्थानी मजूरही होते. १९७३ मध्ये मॉरिशसने मलेरियामुक्तीचा दाखला मिळवला. दोनच वर्षांनी मोठं चक्रीवादळ आलं, त्यापाठोपाठ आजार परतला, आणि तो पुन्हा पूर्ण घालवायला १९९८ उजाडलं. वीसेक वर्षं लागली तरी त्यांनी काम सोडलं नाही.

आज तिथे काय चालतं बघा. मलेरिया असलेल्या देशातून विमान उतरलं की प्रवाशाची नोंद होते, तो कुठे उतरणार ते लिहून घेतात, आणि नंतर आरोग्य कर्मचारी त्याच्या पत्त्यावर जाऊन ताप आला का विचारतो, रक्त तपासतो. भारतही त्या देशांत मोडतो. म्हणजे ज्यांना मलेरिया घालवायचा नाही असं आपण म्हणतोय, त्यांच्यापैकी एका देशाचा कर्मचारी आपल्या माणसाचं बोट टोचायला दारात उभा राहतो. रुग्ण नसताना वर्षानुवर्षं या माणसाचा पगार अर्थसंकल्पात ठेवणं, याला मी राजकीय नेतृत्व म्हणतो. आजार दिसत असताना पैसे देणं सोपं असतं. दिसेनासा झाल्यावर, ‘आता कशाला?’ असं विचारणाऱ्या अर्थखात्यासमोर ठाम राहणं फार कठीण. आपल्याला १९६५ नंतर नेमकं तेच जमलं नव्हतं.

“डीडीटीवर बंदी आली नसती तर…”

डीडीटीची बंदी ही शेतीपुरती. डीडीटीसारख्या रसायनांवरचा स्टॉकहोम करार २००४ मध्ये लागू झाला. त्यातही रोगवाहक डासांसाठी घरात फवारायला सूट आहे, आणि २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या फवारणीला उघड पाठिंबा दिला. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक अशा देशांना हे डीडीटी बरीच वर्षं भारतातूनच गेलं. ते बनवणाऱ्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा एक कारखाना आपल्या रायगडात, रसायनीला.

फवारणी करणाऱ्याला काय भोगावं लागतं ते मला माहीत आहे. भिंतीवर पांढरा थर बसतो, घरात वास राहतो. टोळी पुढच्या गल्लीत पोचत नाही तोच मावशी शेणामातीने भिंत सारवून मोकळ्या. सणवार तोंडावर असतो, पांढरे डाग कोण ठेवणार? सारवलं की औषध मातीखाली गेलं. मी किती जणींना हात जोडले असतील, हिशेब नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नताल प्रांतातली गाऱ्हाणी हुबेहूब अशीच होती : डाग पडतात, ढेकूण उसळतात, लोक भिंती लिंपून टाकतात. १९९६ मध्ये तिथे डीडीटी सोडून पायरेथ्रॉइड गटाचं औषध घेतलं. तीन वर्षांत फवारलेल्या घरांतच ॲनोफिलिस फ्युनेस्टस हा जुना डास जिवंत सापडला. नव्या औषधाला तो दाद देत नव्हता. २००० साली देशातले रुग्ण ६० हजारांपलीकडे गेले. सरकारने डीडीटी परत आणलं, आणि २००१ मध्ये क्वाझुलू-नतालमध्ये उपचारासाठी आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधावर आधारित दोन औषधांची नवी जोडगोळीही सुरू झाली. दोन वर्षांत रुग्ण चौथ्या हिश्श्यावर आले.

इथे थांबलो तर मेसेजवाले म्हणतील, बघा, डीडीटीच. पण डास सीमेपलीकडून, मोझांबिकमधून येत होता. तिकडे फवारणी नसेल, तर अलीकडे कितीही फवारा. १९९९ मध्ये मोझांबिक, स्वाझीलँड (आजचं एस्वातिनी) आणि दक्षिण आफ्रिका यांनी आपल्या सीमा मिळतात त्या लुबोम्बो पट्ट्यासाठी एकत्र करार केला आणि मोझांबिकच्या दक्षिण भागातही घरोघर फवारणी सुरू झाली. त्याच्या काही वर्षं आधीच मोझांबिकमध्ये यादवी चालू होती, शेजाऱ्यांचे संबंध कडवट होते. तरी सह्या झाल्या. सीमेपलीकडची भिंत फवारायची परवानगी डीडीटीच्या पिंपातून मिळत नाही. ती राष्ट्रप्रमुखांच्या सहीनेच मिळते.

“मच्छरदाण्यांनी मासे धरतात”

काही ठिकाणी धरतात, बऱ्याचदा फाटक्या जुन्या मच्छरदाण्यांनी. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत टळलेल्या सुमारे ६६ कोटी आजारपणांपैकी ६८ टक्के मच्छरदाण्यांमुळे टळली, असा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेसेजमध्ये एक फोटो आहे. त्या फोटोपेक्षा मला हा हिशेब जास्त पटतो.

“आता पुण्याची लस आली”

ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आर-२१ लस ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तिची महत्त्वाची चाचणी बुर्किना फासोमधल्या नानोरो गावी झाली, डॉ. हलिदू टिंटो यांच्या नेतृत्वाखाली. चाचणीतली मुलं तिथली, त्यांच्या आया तिथल्या. या लसीला जगात सर्वांत आधी मान्यता दिली घानाने, एप्रिल २०२३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आली. ‘नेत्यांना घालवायचाच नाही’ याच्याशी हे कसं जुळतं?

आणि लस एकटी पुरणार नाही. चार मात्रा लागतात, काळाबरोबर संरक्षण उतरतं, आणि मच्छरदाणी, तपासणी, औषध हे सगळं सोबत हवंच. चौथ्या मात्रेला मूल परत येईल का, हे पुण्यात ठरत नाही. ते गावातल्या परिचारिकेवर अवलंबून असतं, आणि तिचा पगार वेळेवर होतो का यावर.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. २०१२ मध्ये जिबुती या आफ्रिकेतल्या छोट्या देशात मलेरियाचे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ७३ हजारांहून जास्त. मधल्या काळात तिथे ॲनोफिलिस स्टेफेन्साय पोचला. हा आपला, मुंबईच्या इमारतींच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामांवरच्या साठलेल्या पाण्यात वाढणारा डास. आफ्रिकेचा मलेरिया खेड्यातला होता. हा डास तो शहरात नेतो आहे. इथिओपियातल्या दिरे दावा शहरातल्या २०२२ च्या उद्रेकामागेही तोच सापडला. त्याला कसं आवरायचं याचा अनुभव मुंबईच्या कीटकनाशक विभागातल्या माणसांकडे आहे : टाकीला घट्ट झाकण, शिडी लावून तपासणी, ऐकलं नाही तर नोटीस. तो अनुभव तिकडे पोचवण्याची विनंती मी आमच्या निवृत्तांच्या गटावर, त्याच मेसेजखाली, लिहून ठेवली आहे.