उसात शिरलेलं पाणीही दिसायला हवं

नासा आणि इस्रोच्या निसार या रडार उपग्रहाचा पूर ओळखायला उपयोग होईल, असं लेखात म्हटलंय ते पटलं. पण आम्हा कोल्हापूरकरांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट त्यात राहून गेली, ती म्हणजे ऊस.

रडारच्या लहरी ढगांतून आरपार येतात. उघड्या, संथ पाण्यावरून त्या दुसरीकडे निघून जातात, म्हणून चित्रात पूर काळा दिसतो. आमच्याकडं मात्र पंचगंगा आधी शिरते ती पुरुषभर उंचीच्या उसात, आणि आखूड लहरी पाल्यावरच अडतात. निसारच्या एल बँड या रडारपट्ट्यातली लहर मात्र लांब, साधारण २४ सेंटिमीटरची. ती पाल्याखाली उतरते, पाण्यावर आणि बुंध्यावर आपटून माघारी येते, आणि ती जागा उलट उजळ दिसते. हे आमच्यासाठी फार मोलाचं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वडिलांचं डायलिसिस चालू होतं. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, हे मोबाईलवर कळत होतं. कुठला रस्ता अजून उघडा आहे, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून होडीतून नेलं. दवाखान्याची फाईल त्यांनी पिशवीत गुंडाळून छातीशी धरली होती.

निसार १२ दिवसांनी त्याच वाटेवर येतो, त्यामुळं ईओएस-०४ सारख्या इतर रडार उपग्रहांची चित्रंही जोडीला घ्यावी लागतील. आणि या चित्रांवरून होणाऱ्या पुराच्या नकाशावर गावोगावचे डायलिसिसचे पेशंट, दिवस भरत आलेल्या बायका, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं यांची घरं पावसाळ्याआधीच मांडून ठेवा. आशाताईंना ती तोंडपाठ असतात.