अचानक, येत्या रविवारी

बुधवारी रात्री जेवताना, ताकभात संपत आला असताना नवरा म्हणाला, "या रविवारी आपण अचानक कुठंतरी जाऊ या."

बुधवारी ठरवलेली गोष्ट रविवारी अचानक कशी होते, हे मी विचारलं नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली. कुठले प्रश्न गिळायचे असतात, एवढं आता कळतं.

हे खूळ कुठून आलं तेही मला ठाऊक होतं. त्याच्या ऑफिसात एकजण आहे. तो म्हणे शनिवारी पहाटे उठतो, बायकोला म्हणतो 'चल', आणि उजाडेपर्यंत दोघं ताम्हिणीत पोचून चहा पीत असतात. या गृहस्थाला मूलबाळ नाही, आईवडील लातूरला आहेत आणि घरात पाणी घालायला कुंडीसुद्धा नाही. त्याला अचानक जायचं म्हणजे फक्त चप्पल घालायची असते. आमच्याकडं अचानक जायचं तर आदल्या दिवशी दूधवाल्याला, पोळ्यांच्या मावशींना आणि समोरच्या काकूंना सांगावं लागतं. काकूंना किल्ली द्यायची म्हणजे अर्धा तास. त्यात कुठं चाललात, का चाललात आणि इतक्या उन्हात कशाला, हे सगळं येतं.

पण 'कुठंतरी' हा शब्द पोरांसमोर पडला होता. पाचवीतल्या धाकट्यानं तो जमिनीवर पडायच्या आत झेलला. "इमॅजिका!" आठवीतली थोरली मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "चालेल." आठवीतली मुलगी 'चालेल' म्हणते तो दिवस दारावर तोरण लावायचा असतो. म्हणून ठरलं.

"म्हणजे खोपोलीला ना?" बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे, वीज मंडळातून निवृत्त. त्यांचे डोळे चमकले, पण थीम पार्कसाठी नव्हे. "खोपोलीला पॉवर हाऊस आहे. टाटांचं. 1915 सालचं!" पुढची वीस मिनिटं आम्ही सगळे पाइपातून घाट उतरत होतो. वर लोणावळा, वळवण, शिरोटा हे तलाव. त्यांचं पाणी जवळजवळ पाचशे मीटर खाली कोसळतं, त्यावर टर्बाइन फिरतात आणि ती वीज थेट मुंबईच्या गिरण्यांना जायची. धाकट्यानं विचारलं, "तिथं राइड आहे?" बाबा म्हणाले, "अरे, तीच तर राइड. तुमच्या रोलर कोस्टरच्या डब्याला इंजिन नसतं. साखळीनं वर ओढतात आणि सोडून देतात. पुढचं काम उंची करते. खोपोलीला पाण्याचं तेच करतात."

खरं सांगायचं तर माझ्या शाळेतल्या पुस्तकात हे इतकं नीट कोणी लिहिलं नव्हतं. पण तेव्हा माझं लक्ष आईंकडं होतं. त्या उठून भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेल्या होत्या. सासूबाई बोलता बोलता कालनिर्णयाकडं गेल्या की पुढचं वाक्य टाळता येत नाही.

"रविवारी संकष्टी आहे."

"मग काय झालं? उपास तिथंही करता येतो," नवरा म्हणाला.

"तो रस्ता पालीचा. संकष्टीच्या दिवशी पालीच्या रस्त्याला लागायचं, पुढं बल्लाळेश्वर बसलाय, आणि आपण पाळण्यात बसून परत यायचं?"

यावर उत्तर नव्हतं. नवऱ्यानं तरी प्रयत्न केला: आधी दर्शन, मग पार्क. आईंनी समजावलं की पालीला आधी मागच्या धुंडी विनायकाचं दर्शन घ्यायचं असतं, मग बल्लाळेश्वराचं. शिवाय खोपोलीपर्यंत जाऊन महडचा वरदविनायक वगळणं बरं दिसत नाही. शिवाय संकष्टीची रांग. बोटांवर हिशेब केला तेव्हा पार्कासाठी संध्याकाळचा पाऊण तास उरत होता. अष्टविनायकांतला भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा हा एकच गणपती. बल्लाळ नावाच्या पोरानं हट्ट धरला आणि देव तिथं राहिला. आमच्याही घरात हट्टी पोरगा होता, पण तिथीपुढं त्याचं चाललं नाही. अचानक सहल एक आठवडा पुढं गेली.

त्या आठवड्यात डोंबिवलीच्या नणंदेचा फोन आला. तिला कसं कळलं हे मी शोधायला गेले नाही. "वहिनी, तुम्ही पुण्याहून वरून या, आम्ही खालून येतो. खोपोली दोघांनाही मध्ये पडतं!" नकाशात बघितलं तर तिचं म्हणणं बरोबर होतं. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर 'अचानक पिकनिक' नावाचा ग्रुप निघाला. नाव नणंदेच्या यजमानांनी ठेवलं. ते खरंच अचानक ग्रुपमध्ये आले, 'या रविवारी जमणार नाही, चुलतभावाकडं साखरपुडा आहे' असं लिहिलं आणि अचानक गप्प झाले.

मधल्या काळात मी पार्काचे नियम वाचले. घरात नियम वाचणारी मी एकटीच. बाकीचे नियम मोडल्यावर ऐकतात. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हे मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. आईंचा चेहरा असा झाला की जणू कुणी घरात चप्पल घालून आलं. "मग दशम्या कुठं खायच्या?" तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कैरीचा तक्कू, पन्ह्याचा थर्मास ही यादी त्यांच्या डोक्यात पहिल्या बुधवारीच तयार होती. शेवटी तोडगा निघाला की पार्किंगमध्ये पंगत बसवायची. "सतरंजी घे," एवढंच त्या म्हणाल्या. मी डायरीत लिहिलं: सतरंजी.

पाण्याच्या राइडना नायलॉनचेच कपडे लागतात, हा दुसरा नियम. "मी कशाला जातेय पाण्यात?" आई म्हणाल्या. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तरी एक आणून ठेव. आयत्या वेळी धावपळ नको." मग मी आणि थोरली बासष्ट वर्षांच्या बाईचा, अंगभर, गडद रंगाचा, फुलं नसलेला नायलॉनचा पोशाख शोधत लक्ष्मी रस्ता पालथा घालत होतो. दुकानदारानं विचारलं, "स्विमिंगसाठी?" मी म्हटलं, "आयत्या वेळेसाठी."

पण खरी गंमत उंचीत होती. बऱ्याच पार्कांत मुलाचं तिकीट वयावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. एका रेघेखाली असाल तर तिकीट स्वस्त, वर गेलात की मोठ्यांचं. आणि राइडचंही तसंच: रेघेच्या खाली असाल तर बसू देत नाहीत. म्हणजे तिकिटाच्या खिडकीशी आमचा मुलगा बुटका हवा होता आणि रोलर कोस्टरपाशी उंच. एका पोरानं एका दिवसात दोन्ही कसं जमवायचं?

गुरुवारी संध्याकाळी बाथरूमच्या दाराला पाठ लावून त्याला उभा केला. त्या दाराच्या चौकटीवर आमच्याकडं जुन्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. सगळ्यांत खालची थोरलीची, बालवाडीतली. नवऱ्यानं त्याच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी ठेवली. आई म्हणाल्या, "केस दाब, केस धरत नाहीत." बाबा गुडघ्यावर बसून टाचा बघत होते, कारण पोरगं हळूच टाचा उचलत होतं. नवरा पट्टी खाली दाबतोय, पोरगं मान वर ताणतंय, आणि दोघांच्या मध्ये माझी पेन्सिल. खूण उठली ती तिकिटाच्या रेघेच्या जेमतेम खाली. कागदाची जाडी असेल एवढं. घरात जल्लोष झाला. पोरगं मात्र हिरमुसलं, त्याला मोठी राइड हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून तो गच्चीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला लोंबकळायला लागला. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. दूध न सांगता प्यायला लागला. आम्हाला कौतुक वाटलं. पुढचा विचार कुणी केला नाही, मीही नाही.

तिसऱ्या रविवारी गाडीनं घोटाळा केला. गाडी आमची पाच जणांची आणि आम्ही सहा. भाड्याची मोठी गाडी सांगू, असं मी म्हटलं तर नवरा म्हणाला, "ड्रायव्हर ठरवला की त्यात अचानक काय राहिलं?" मग त्यानं अचानकपणा जपत शनिवारी रात्री नऊला फोन केले. मे महिना, लग्नसराई. पुण्यातली एकूण एक मोठी गाडी कुणाच्या ना कुणाच्या वऱ्हाडात होती.

चौथ्या आठवड्यात मी सूत्रं हातात घेतली. गाडी मंगळवारीच सांगून टाकली. मग बसायच्या जागा. आईंचा गुडघा दुमडत नाही, म्हणून त्यांना पुढची सीट. बाबांना घाटात मळमळतं, म्हणून त्यांनाही पुढची सीट. ड्रायव्हरची जागा कुणाला देता येत नव्हती. शेवटी तह झाला: लोणावळ्यापर्यंत आई पुढं, तिथं चिक्की घ्यायला थांबायचं आणि घाट उतरताना बाबा पुढं. घाटही एक्सप्रेस वेचा नाही, जुना. 2002 पासून चांगला रुंद रस्ता आहे, पण बाबांना शिंग्रोबाला नाणं वाहायचं होतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, त्याला न विचारता खाली उतरायचं नाही असा बाबांचा नेम आहे. तर नाणं. घरभर शोधलं, एक नाणं मिळेना. सगळ्यांच्या फोनमध्ये पैसे होते आणि शिंग्रोबाला स्कॅन करता येत नाही. शेवटी धाकट्याच्या गल्ल्यातून दोन रुपये उसने घेतले. त्यानं व्याजात दांडीवर लोंबकळायला पाच मिनिटं जास्त मागून घेतली.

ऑनलाइन तिकिटं काढायला नवरा बसला तो सवलतीचे कूपन शोधत बसला. रात्री अकरापर्यंत त्यानं चार कार्डं, तीन कूपन आणि दोन चुलतभाऊ वापरून बघितले. एकूण दीडशे रुपये वाचले. मोठे तीन, मुलांचं एक, ज्येष्ठ नागरिक दोन. ज्येष्ठ म्हटल्यावर बाबा उखडले. "मी तिथं उभा राहून आधार कार्ड दाखवायचं? फुलराणीत कोणी कार्ड मागितलं नाही." पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे पोरांची छोटी आगगाडी, 1956 मध्ये सुरू झाली, तेव्हा बाबा आमच्या धाकट्याहून लहान होते. ही गाडी घरात दर सहलीच्या आधी एकदा तरी धावते. तिच्यापुढं नवऱ्याचं एस्सेल वर्ल्ड फिकं पडतं. शाळेच्या सहलीला गोराईची खाडी लाँचनं ओलांडून गेला होता, आणि त्यातली लाँचच त्याच्या सगळ्यांत जास्त लक्षात आहे.

मुलाचं तिकीट काढताना नवऱ्यानं विचारलं, "उंची?" मी डायरी उघडून आकडा वाचला. लिहिलेला होताच. परत मोजायची काय गरज?

चौथ्या रविवारी आम्ही निघालो. सहाला निघणार होतो, म्हणजे पावणेआठला निघालो. लोणावळ्याला आई-बाबांची अदलाबदल झाली. शिंग्रोबाला दोन रुपये पडले. घाटातून खाली जाणारे पाइप दिसतील म्हणून बाबांनी गाडी दोनदा थांबवली. खोपोलीत पॉवर हाऊस त्यांनी रस्त्यावरूनच बघितलं, पण असं बघितलं की ड्रायव्हरनंही इंजिन बंद केलं. नणंद खालून वेळेवर आली होती आणि पार्किंगमध्ये तासभर वाट बघत होती. सतरंजी अंथरली. दशम्या सुटल्या. शेजारच्या गाडीतलं एक गुजराती कुटुंबही थेपले घेऊन बसलं होतं. पुढं लोणच्याची देवाणघेवाण झाली, आणि आईंनी त्या काकूंना पालीचा रस्ता समजावून सांगितला. बारा वाजले.

गेटपाशी उंची मोजायची पट्टी होती. नवरा पोराच्या कानात पुटपुटला, "सैल उभा राहा." आई मागून म्हणाल्या, "ऊन लागलंय त्याला, वाकून चालतोय." पोरगं पट्टीला पाठ लावून उभं राहिलं, इतके आठवडे ज्याची तयारी केली होती तो क्षण आला होता. छाती पुढं, मान ताठ, श्वास रोखलेला. टाचा मात्र जमिनीला चिकटलेल्या. तेवढा प्रामाणिकपणा त्यानं राखला.

गेटवरचा मुलगा वाकला, बघितलं, परत बघितलं. "काकू, याचं मोठं तिकीट लागेल."

सगळे माझ्याकडं वळले. आकडा माझ्या डायरीतला होता ना.

पोरगं मात्र ओरडतच आत्याकडं धावलं, "मी मोठा झालो! मोजून बघितलं!" नवऱ्यानं फरक भरला. दीडशे गेले, वर आणखी गेले. बाबांनी लॅमिनेट केलेलं आधार कार्ड खिशातून काढून, कुणी मागायच्या आत खिडकीवर ठेवलं. सवलतीचं तिकीट हातात आल्यावर ते नातवाच्या तिकिटाशेजारी धरून त्यांनी दोन्हीवरचे आकडे बघितले.

"बघ रे," ते त्याला म्हणाले, "आज तू महाग झालास आणि मी स्वस्त." आणि त्याचा हात धरून, आम्हाला कुणाला न विचारता, सगळ्यांत उंच साखळीचा खडखडाट येत होता तिकडं चालू लागले.