खुलासा : राष्ट्रीय वनातलं सगळं पाणी सरकारचं नाही

‘अमेरिकेत राष्ट्रीय वन घोषित झालं की त्यातलं पाणी केंद्र सरकारचं, मासे, गुरं, पर्यटन, सगळ्यासाठी राखीव.’ हे मीच गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. ते चूक आहे. आता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं यावरचं 1978चं निकालपत्र वाचलं, जे लिहिण्याआधीच वाचायला हवं होतं.

राखीव पाण्याचा हक्क, म्हणजे केंद्र सरकारनं जमीन राखली की तिला लागणारं पाणीही राखलं जातं हे तत्त्व, खरा आहे. 1908च्या विंटर्स खटल्यात तो आदिवासींच्या राखीव भूमीसाठी मान्य झाला, पुढे इतर केंद्रीय जमिनींनाही लागू झाला. पण पाणी मिळतं ते जमीन ज्या मूळ हेतूसाठी राखली तेवढ्यापुरतंच. राष्ट्रीय वनांचे हेतू 1897च्या कायद्यात आहेत : पाण्याचे प्रवाह राखणं आणि लाकडाचा अखंड पुरवठा.

न्यू मेक्सिकोतल्या गिला वनातून मिंब्रेस नदी वाहते. केंद्राच्या वन खात्यानं माशांसाठी तिच्यात सेकंदाला 6 घनफूट प्रवाह मागितला होता, शिवाय गुरांना आणि करमणुकीसाठी पाणी. 1978मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नाकारलं. वन्यजीवांच्या मुद्द्यावर चार न्यायाधीशांचं मत वेगळं होतं, म्हणजे निकाल काठावरचाच.

‘राष्ट्रीय वनांच्या 1960च्या कायद्यात वन्यजीव आणि करमणूक आहेच की,’ असं एकानं विचारलं. आहे, पण त्यानं जादा पाणी राखीव झालं नाही, असंही याच निकालात म्हटलंय. अशा दुय्यम कामांना वन खात्यानं इतरांसारखाच राज्याच्या कायद्यानं हक्क मिळवायचा.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तिचे स्क्रीनशॉट फिरतायत, ते कृपया पुढे पाठवू नका.