बागेत वीस बाया आहेत, पुढची पायरी कुठे आहे?

दादा, नमस्कार.

कृषी पदवीधर मुलींच्या नोकऱ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. उत्तर चार ओळींत संपणारं नाही, म्हणून ते वेगळं लिहिते आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. तुम्ही म्हणता की मुली कृषीची पदवी घेतात आणि शेवटी स्पर्धा परीक्षा देतात नाहीतर लग्न करून मोकळ्या होतात, तेवढ्यात एका गरजू मुलाची जागा जाते. कंपनीच्या फिल्डच्या कामात त्या टिकत नाहीत. शेतात बाया पिढ्यान्‌पिढ्या राबत आल्या आहेत, त्याला करिअर म्हटल्याने काय बदलणार? गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे डिग्रीशिवाय मोठ्या झाल्याच की. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला सांगणं म्हणजे घरात भांडण लावणं. आणि मग हे वाक्य: "माझ्या बागेत वीस बाया आहेत, त्यांना तुमच्या लेखाने काय दिलं?"

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पण आधी बाकीचं.

जागा अडवण्याचं म्हणाल तर पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये जाऊन पाहा. कृषीची पदवी घेतलेली मुलं तिथे वर्षानुवर्षं बसलेली दिसतील. त्यांच्याबद्दल आपण म्हणतो, पोरगा प्रयत्न करतोय. त्याच परीक्षेला त्याच पदवीवर मुलगी बसली की तिने जागा अडवली. दोघांनाही तिकडे ढकलणारं कारण एकच आहे: खाजगी कृषी क्षेत्रात पदवीधराला मिळणारा सुरुवातीचा पगार आणि त्या नोकरीची शाश्वती. राज्याच्या १९९४ च्या महिला धोरणाबरोबर सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आलं आणि त्यानंतर गावोगाव कृषी सहायक म्हणून बाया दिसायला लागल्या. गारपीट झाली की तलाठी आणि ग्रामसेवकाबरोबर पंचनाम्याला बांधावर येते ती हीच. पीक कापणी प्रयोग घेते, शेतीशाळा घेते. आठ-दहा गावं सांभाळायची आणि बसायला धड कार्यालय नाही, ग्रामपंचायतीत एखादी खुर्ची मिळाली तर मिळाली. तरी ती टिकते, कारण पगार ठरलेला आहे, बाळंतपणाची रजा ठरलेली आहे, बढतीची यादी लागते. मुली टिकत नाहीत असं म्हणताना ही टिकलेली माणसं मोजली पाहिजेत.

आता खाजगी कंपन्यांचं फिल्ड. हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून तुमचं म्हणणं सरसकट खोडत नाही. बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या कंपन्यांत फिल्ड ऑफिसर म्हणून लागलेल्या मुली दोन-तीन वर्षांत ते काम सोडतात, हे मीही पाहिलं आहे. पण त्या काय सोडतात ते बघा. सकाळी प्लॉटवर डेमो, दुपारी दुकानदारांकडे फेऱ्या, संध्याकाळी मेळावा, मेळाव्यानंतर वसुलीचं बोलणं, मार्चअखेरीला रात्री दहापर्यंत टार्गेटचे फोन. राहायचं तालुक्याच्या लॉजवर. दिवसभरात स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. पिकाचं ज्ञान कमी पडलं म्हणून काम सोडलेली एकही मुलगी मला भेटलेली नाही. सोडलं ते दुकानदाराच्या बोलण्याला कंटाळून, नाहीतर घरच्यांनी अंधार पडल्यावरच्या गाडीवरच्या फेऱ्या बंद केल्या म्हणून.

यातली एक गोष्ट, दुकानदाराच्या बोलण्याची, कायद्याने केव्हाच सुटायला हवी होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जावं लागणारी प्रत्येक जागा आणि त्यासाठी मालकाने दिलेलं वाहनसुद्धा कामाचं ठिकाण धरलं आहे. म्हणजे दुकानदाराचं काउंटरही त्यात आलं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी आणि त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. फिल्डवरच्या किती मुलींना हे रुजू होताना सांगितलं जातं? मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकींना ते माझ्याकडून पहिल्यांदा कळलं. जवळजवळची गावं एकत्र करून मार्ग आखला, वसुली फिल्ड ऑफिसरकडून काढून घेतली आणि मेळावे दिवसा घेतले तर हे काम टिकण्यासारखं होतं. मुलग्यांनाही त्याचा फायदाच होईल.

राहीबाईंचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्यावर थोडं वेगळं म्हणायचं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बाईंनी गावरान बियाणं जपलं, २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्या आल्या, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डिग्री नव्हती हे खरं. पण बाएफसारखी ग्रामविकासाचं काम करणारी संस्था बियाणे बँकेच्या कामात त्यांच्या पाठीशी उभी राहिली, नोंदी झाल्या, बियाणं गावाबाहेर गेलं, हेही तितकंच खरं. डोंगराळ भागातल्या कितीतरी घरांत बाया बियाणं राखेत घोळून गाडग्यात ठेवतात. त्यांच्यापाशी तशी संस्था पोचली नाही. पद्मश्री एकीला मिळते आणि मिळालीच पाहिजे, पण तिच्या जोरावर बाकीच्यांनी आपापलं बघावं असं म्हणता येत नाही.

आता तुमच्या वीस बाया.

द्राक्षबागेत बाई काय करते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या शहरातल्या लोकांना सांगते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फेलफुटी काढणं, शेंडा खुडणं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फुटवे राखणं, मग घड जीए या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, म्हणजे डिपिंग. आणि सगळ्यात नाजूक काम विरळणीचं. घडातले कोणते मणी ठेवायचे, कोणते काढायचे, हे बाई कात्री हातात घेऊन घडाघडाला ठरवते. चुकीचे काढले तर घड मोकळा पडतो, कमी काढले तर मणी फुगायला जागा राहत नाही आणि माल निर्यातीच्या आकाराला पोचत नाही. छाटणीला, फवारणीला, सल्लागाराला खर्च करून तुम्ही जो घड तयार करता, त्याचा भाव शेवटी या बायांच्या बोटांवर ठरतो. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागाकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांमधल्या काही बाया हे काम अशा सफाईने करतात की बागायतदार हंगामाआधीच त्यांना निरोप धाडतात.

एवढं कौशल्य असलेल्या माणसाला दहा वर्षांनी काय मिळतं? पहिल्या वर्षी जो रोज होता तोच, महागाईप्रमाणे थोडा वाढलेला. छाटणी करणारा पुरुष काम उक्तं, म्हणजे ठोक रक्कम ठरवून, घेतो आणि जास्त कमावतो. फवारणीचा ट्रॅक्टर चालवणारा जास्त कमावतो. टोळीचा मुकादम पुरुष, सल्लागार पुरुष. समान कामाला समान वेतन हे १९७६ च्या कायद्याने सांगितलं आणि ती तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. पण छाटणी हे वेगळं काम, विरळणी हे वेगळं काम अशी कामांची वाटणीच झाली की कायदा बाजूला राहतो. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. बाईकडे हातात कला आहे, पण त्या कलेला चढायला पायरी नाही.

पायरी तयार करता येते, हे मी एका पॅकहाउसमध्ये, म्हणजे माल निवडून पॅक करण्याच्या ठिकाणी, गुणवत्ता तपासणीचं काम करत होते तेव्हा पाहिलं. तिथे टेबलावर घड साफ करणाऱ्या बायांमध्ये आधी बागेत विरळणी केलेल्या बऱ्याच होत्या. त्यातल्या एका मावशींना क्रेट पुढे आला की देठाला हात लावूनच कळायचं, हा माल काल दुपारचा तोडलेला आहे, प्रवासात टिकणार नाही. माझ्याकडे पदवी होती, थर्मामीटर होता, ब्रिक्स, म्हणजे गोडी, मोजायचं यंत्र होतं, आणि तरी मी त्यांना विचारून निर्णय घ्यायचे. पुढे त्यांना टेबलप्रमुख केलं, नोंदवही त्यांच्या हातात दिली, रोजची मजुरी वाढवली. त्यासाठी सहीपुरतं नव्हे तर नोंदी करण्याइतकं लिहायला त्या शिकल्या. हे कंपनीने उपकार म्हणून केलं नाही. त्या टेबलावरचा माल परत येणं कमी झालं, म्हणून केलं.

तुम्हीही हे करू शकता, आणि त्यासाठी माझ्या लेखाची वाट बघायची गरज नाही. पुढच्या विरळणीचं उक्तं मुकादमाला न देता टोळीतल्या जाणत्या बाईला द्या आणि पैसे बायांच्या खात्यावर टाका. आधीपासून येत असलेल्या कौशल्याचं प्रमाणपत्र देण्याची सोय पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आहे, तिला आरपीएल म्हणतात. ते प्रमाणपत्र पॅकहाउसच्या नोकरीला उपयोगी पडू शकतं. निर्यातीसाठी ग्लोबलगॅपचं, म्हणजे चांगल्या शेती पद्धतींचं, प्रमाणपत्र घ्यायचं तर तोडणी करणाऱ्यांना जवळपास स्वच्छतागृह आणि हात धुण्याची सोय द्यावीच लागते. परदेशातल्या ग्राहकासाठी बागेत बांधलेलं ते स्वच्छतागृह तोडणी संपल्यावर कुलूप लावून ठेवू नका, एवढीच विनंती. कंपनीची फिल्ड ऑफिसर तुमच्या प्लॉटवर येईल तेव्हा तिलाही त्याचा उपयोग होईल.

ड्रोनचं तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत, की ते फोटोपुरतं आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत देशातल्या १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं आहे, किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान. हंगामात पुरेसे एकर मिळाले नाहीत, बॅटऱ्या बदलायला पैसे नसले किंवा दुरुस्ती जिल्ह्याबाहेर असली तर ते यंत्र घरात पडून राहील, ही तुमची शंका रास्त आहे. पण फवारणी हे आजवर जास्त रोजाचं, पुरुषाचं काम होतं. त्यातला परवाना पहिल्यांदा बाईच्या नावावर निघतो आहे. मला ते फोटोपुरतं वाटत नाही.

आणि आता नावाचाच विषय. कामगारांच्या सरकारी पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ७६.९ टक्के शेतीत होत्या, पुरुषांपैकी ४९.४ टक्के. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र देशातल्या वहितीदारांमध्ये, म्हणजे शेती कसणारे म्हणून नोंद असलेल्यांमध्ये, स्त्रिया अवघ्या १३.९६ टक्के. एवढ्या बाया शेतात आहेत आणि कागदावर नाहीत. पीककर्ज, विमा, पीएम किसान हे सगळं जमिनीच्या नोंदीवर चालतं. राज्यात योजनांसाठी आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही त्याच नोंदीला जोडलेला. शेतकरी उत्पादक कंपनीत भागधारक व्हायचं, संचालक व्हायचं, रोपवाटिकेसाठी कर्ज काढायचं तर पहिला प्रश्न येतो, जमीन कोणाच्या नावावर?

यात घर फुटतं असं तुम्हाला वाटतं. तुमच्याच जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. ही मागणी शहरातून आलेली नव्हती. कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांनी ती उचलली, आणि गावंच्या गावं पुढे आली. १९९२ मध्ये सरकारनेही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची योजना काढली. ज्यांनी तेव्हा नावं लावली त्यांची घरं त्यामुळे मोडली, असं मी कुठे ऐकलेलं नाही. नवरा गेल्यावर नाव नसलेल्या बाईला तलाठ्याच्या आणि दिराच्या दारात किती चकरा माराव्या लागतात ते मात्र मी पाहिलं आहे. तुमच्या पत्नी बागेचा सगळा हिशोब बघतात असं तुम्ही अभिमानाने लिहिलंत. मग ती बाग थोडी त्यांच्या नावे असायला हरकत काय?

तुमच्या प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी पुतणीचं आहे. तिला कृषीला घालायचं घरचे म्हणतात आणि तुम्ही नको म्हणताय. माझं मत विचारलं नाहीत, तरी देते. घाला. मात्र सीईटीनंतर फॉर्म भरताना फक्त बी.एस्सी. कृषीवर अडून राहू नका. उद्यानविद्या, अन्न तंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान हेही पाहा. नाशिककडे पॅकहाउस, बेदाणा, वायनरी, रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशांच्या, तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत, आणि त्यात अन्न तंत्रज्ञानवाल्यांना रात्री-अपरात्री गाडीवर न फिरता काम मिळतं. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. कॉलेजचं स्वतःचं प्रक्षेत्र, म्हणजे प्रयोगाचं शेत, आहे का आणि त्यावर विद्यार्थी खरंच काम करतात का, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारा. शेवटच्या वर्षात गावात राहून कार्यानुभव घ्यायचा असतो, त्या वेळी मुलींची राहायची सोय कशी करतात, तेही त्याच सांगतील. आणि त्या वर्षी तिला गाव निवडायची मुभा मिळाली तर तुमचंच गाव घेऊ नका म्हणावं. जिथे तिला कोणाची पुतणी म्हणून ओळखत नाहीत, तिथे माती परीक्षण आणि बीजप्रक्रिया शिकवताना शेतकरी तिचं ऐकतात की नाही, हे तिचं तिला कळेल.

पहिली नोकरी लागेल तेव्हा नेमणूकपत्र मला पाठवा, आपण दोघं मिळून वाचू. भविष्य निर्वाह निधी, प्रसूती रजा, प्रवासभत्ता आणि समितीचं नाव त्यात आहे का, ते सही करण्याआधीच बघायला हवं.