बॅटरी उतरते म्हणून लगेच नवी घेऊ नका

मोटरसायकलची बॅटरी वारंवार उतरत असेल तर तीन उपाय सांगणारा एक संदेश फिरतोय. बॅटरी मेली समजा, नवी घाला. रोज सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. चार्जिंग तपासायचं तर चालू इंजिनवर बॅटरीची तार काढा. इंजिन बंद पडलं तर चार्जिंग बिघडलंय.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो थेट नुकसान करतो. चार्जिंगमधले चढउतार बॅटरी शोषून घेते. ती मध्येच काढली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), गाडीचा मीटर किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) जळू शकतो. वर इंजिन चालू राहिलं म्हणून चार्जिंग ठीक आहे असंही नाही. साधा मल्टिमीटर लावा: चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. बरेच कमी असतील तर स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल), रेग्युलेटर आणि मधले कनेक्टर तपासा. कनेक्टर वितळलेला किंवा करपलेला निघणं अगदी नेहमीचं. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बॅटरीला उकळून मारतोय, तिथे नवी बॅटरीही टिकणार नाही.

पाच मिनिटांचा हिशेब करून बघा. 9 अँपिअर-तासांची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी अर्धी उतरली असेल तर साडेचार अँपिअर-तास परत भरायचे आहेत. जागेवर, हेडलाइट पेटलेला असताना, बॅटरीकडे 1 अँपिअर गेला असं उदारपणे धरलं तरी पाच मिनिटांत 0.1 सुद्धा भरत नाही. त्यापेक्षा चार्जर लावा.

आता बॅटरी मेली हा दावा. कधीकधी तो खरा असतो, पण गाडी उभी असताना करंट गळत असेल तर नवी बॅटरीही तशीच उतरेल. 50 मिलिअँपिअरची गळती दिवसाला 1.2 अँपिअर-तास खाते, म्हणजे वरची भरलेली बॅटरी आठवड्याभरात आडवी. चावी बंद ठेवून निगेटिव्ह तार सोडा आणि मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर ती तार आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्या मध्ये जोडा. तो जोडलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज जातो. आकडा काही मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वायरिंगवर चोर आहे. माझा पहिला संशय नंतर बसवलेल्या मोबाइल चार्जरवर, अलार्मवर किंवा ट्रॅकरवर. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर रेग्युलेटरचा कनेक्टर सोडून बघा. त्यातला बिघडलेला डायोडही करंट उलटा खातो.

गळती नाही, चार्जिंग नीट आहे, टर्मिनल स्वच्छ आणि घट्ट आहेत, तेव्हा बॅटरीची पाळी. पूर्ण चार्ज करून, तारा सोडून रात्रभर ठेवा. सकाळी 12.4 व्होल्टच्या खाली आली, किंवा सेल्फ मारताना 9.5 च्या खाली कोसळली, तर मात्र नवी घाला.