‘आभा काढू नका’: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य

ज्या ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीचा हिशेब यायला हवा होता, तिथे चार दिवस एकच मेसेज फिरत होता. मूळ हिंदी असावा. वरचं ‘सावधान’ आणि खालचं ‘ज्यादा से ज्यादा शेअर करें’ तसंच राहिलं होतं, मधला मजकूर कोणीतरी घाईघाईत मराठीत उतरवला होता. मतलब असा: आभा (आरोग्याच्या कागदांसाठीचा सरकारी नंबर) काढला की तुमचे सगळे रिपोर्ट दिल्लीच्या सर्व्हरवर जातात. आभा, आधार आणि समग्र (मध्य प्रदेशची कुटुंबांची नोंद) आता जोडलेत, म्हणून तुमचा आजार पेन्शनवाल्यांना आणि रेशनवाल्यांना कळतो आणि पेन्शन, लाडली बहना (बायकांना दरमहा पैसे देणारी राज्याची योजना), सगळ्यांचे पैसे बंद होतात. हीच माहिती विमा कंपन्यांना विकतात. याविरुद्ध कायदाच नाही. तेव्हा आभा काढू नका, मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड काढू नका, केवायसी करू नका.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. इंदूरला लोकमान्य नगरात राहते आणि संध्याकाळी शेजारपाजारच्यांचे फॉर्म भरून देते. एरवी असल्या मेसेजला मी उत्तर देत नाही. या वेळी देतेय, कारण आमच्या गल्लीतल्या ७४ वर्षांच्या काकांनी आयुष्मान कार्डासाठी माझ्याकडे आणून ठेवलेलं आधार तो मेसेज वाचून परत नेलं.

‘सगळे रिपोर्ट दिल्लीच्या सर्व्हरवर जातात’

आभा हा १४ अंकी नंबर आहे. तो आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवरून काढतात आणि त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, मोबाइल एवढं नोंदतात. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो, म्हणजे त्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये. आभा ज्यातून मिळते त्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचनाच तशी आहे. मधली यंत्रणा फक्त ‘या नंबरचा कागद अमुक ठिकाणी आहे’ एवढं दाखवते. दुसऱ्या डॉक्टरला तो बघायचा असेल तर तुमच्या फोनवर विनंती येते. त्यात कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या तारखांमधले कागद, कोणत्या प्रकारचे आणि किती दिवसांसाठी, हे लिहिलेलं असतं. नाही म्हणता येतं. हो म्हटलेलं नंतर मागेही घेता येतं. आभाच नको असेल तर ती बंद करण्याची सोय आहे.

रिपोर्ट फुटण्याची भीती मात्र खोटी नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि पुढे कित्येक दिवस तिथलं काम कागदावर चाललं. पण ते एम्सचे स्वतःचे सर्व्हर होते. आभा असो वा नसो, तुमचा रिपोर्ट रुग्णालयाच्या कॉम्प्युटरवर असतोच, आणि तो कॉम्प्युटर किती कडेकोट आहे हे आपण कोणी कधी विचारत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो मेसेजवाल्याला सुचलाच नाही. फोनवर येणारी ती सविस्तर विनंती वाचतं कोण? परवा एका मोठ्या रुग्णालयात नंबर लावायला उभी होते. खिडकीतल्या मुलाने माझ्या पुढच्या आजोबांना म्हटलं, "दादाजी, ओटीपी बोलो." आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन हात लांब करून धरला आणि सहाही आकडे सगळ्या रांगेला ऐकू जातील असे वाचून दाखवले. कशाचा ओटीपी हे मुलाने सांगितलं नाही, आजोबांनी विचारलं नाही. कोविडच्या काळात लसीसाठी आधार दिलेल्या कित्येकांचा हेल्थ आयडी (आभाचं तेव्हाचं नाव) असाच, त्यांच्या नकळत तयार झाला होता. संमतीची यंत्रणा कागदावर चांगली आहे. खिडकीशी पोहोचेपर्यंत तिचा ओटीपी होतो. यावर कोणी मेसेज लिहील तर मी स्वतः पुढे पाठवीन.

‘आजार कळला की पेन्शन आणि लाडली बहनाचे पैसे बंद’

या वाक्याने सगळ्यात जास्त घबराट झाली, म्हणून इथे जरा थांबते.

मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांसाठी: समग्र म्हणजे आमच्या राज्याची कुटुंबांची नोंद. प्रत्येक कुटुंबाला ८ अंकी आयडी आणि त्याखाली प्रत्येक माणसाला ९ अंकी. पेन्शन, शिष्यवृत्ती, रेशनची पात्रता पर्ची, लाडली बहना, सगळं या ९ आकड्यांवरून चालतं. त्यात वय, जात, कुटुंबातलं नातं, बँक खातं असतं. कोणाला शुगर आहे, कोणाचा कर्करोग निघाला, ही त्या नोंदीची बाबच नाही.

आता लाडली बहनाच्या अटी बघा. विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाई, वय २१ ते ६०, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात प्राप्तिकर भरणारा किंवा सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, जमीन पाच एकरांहून जास्त नको. यात आजाराचं नाव कुठे आहे? उद्या सरकारला तुमची थायरॉइडची गोळी कळली तरी तिच्यावरून हप्ता थांबवायला कुठलं कलम लावणार?

हप्ते थांबतात, हे खरंच आहे. माझ्याकडे आलेल्या बायकांची कारणं सांगते. समग्रमध्ये ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’. खातं आधारला जोडलेलं आहे, पण अनुदान ज्या खात्यात जमा व्हायचं ते दुसऱ्याच बँकेचं. केवायसी राहिलेली. लग्नानंतर नाव माहेरच्या समग्रमधून काढलंच नाही, म्हणून बाई दोन घरांत. यातल्या एकीचेही पैसे दोन सरकारी खाती एकमेकांशी फार बोलली म्हणून अडले नाहीत. बोलली नाहीत, किंवा बोलताना वेलांटी चुकली, म्हणून अडले.

आणि आमच्या काकूंचं प्रकरण. त्यांचे यजमान रुग्णालयात वारले. रुग्णालयाने मृत्यू कळवला, महापालिकेतून दाखला बिनचूक मिळाला. समग्रमधली नोंद मात्र वेगळी, हाताने बदलायची. त्या ८ अंकी आयडीखाली दोनच ओळी होत्या, वर यजमान, खाली काकू. कार्यालयातल्या कोणीतरी ‘मृत’ची खूण खालच्या ओळीवर लावली. काकू कल्याणी पेन्शनचा अर्ज करायला गेल्या (आमच्याकडे सरकारी कागदात विधवेला कल्याणी म्हणतात, महिन्याला ६०० रुपये मिळतात), तेव्हा कळलं की स्क्रीनवर त्या गेलेल्या आहेत आणि यजमान विधुर म्हणून मागे उरलेत. काकूंना आधी हसू आलं. मग तिथल्या माणसाने "जीवित होने का कोई प्रमाण?" विचारलं, तेव्हा त्या बाकावर बसूनच राहिल्या.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा २०२३ साली बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. त्यात मृत्यूची डिजिटल नोंद रेशन, मतदार यादी अशा इतर यंत्रणांना पुरवण्याची वाट मोकळी केली आहे. रुग्णालयाची ती बिनचूक नोंद थेट समग्रपर्यंत पोहोचली असती, तर मधल्या माणसाची ओळ चुकली नसती. तो मेसेज ज्याला संकट म्हणतो, त्याच जोडणीने काकूंच्या चपला वाचवल्या असत्या. उलट, जोडणी झाल्यावर चूक निघाली तर ती एका जागी न राहता चार जागी पसरते, हेही काकूंच्याच फायलीत मी बघितलंय.

आजाराची माहिती कल्याणकारी योजनेला कळते, असं एक ठळक उदाहरण आहे, पण मेसेजवाल्याला ते सोयीचं नव्हतं. क्षयरोग. २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवावा लागतो. ‘निक्षय’ या यंत्रणेत नोंद झाली आणि खातं जुळलं की पोषण आहारासाठी पैसे थेट खात्यात येतात. एप्रिल २०१८ पासून महिना ५००, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. म्हणजे आजार कळल्यामुळे पैसे सुरू झाले. नोंद लपवली असती तर औषधासोबतची अंडी आणि दूध स्वतःच्या खिशातून.

कुपोषित मुलांचं याच्या उलट. मूल अंगणवाडीत वजनाला येतं, ते खातं महिला व बालविकासाचं. फारच कमी भरलं तर पोषण पुनर्वास केंद्रात दाखल होतं, ते खातं आरोग्याचं. आई दोनेक आठवडे तिथे राहते, मूल जरा बाळसं धरतं, घरी येतं. पुढच्या तपासण्या कधी, हे तिच्या हातातल्या चिठ्ठीवर. आमच्या कामवाल्या ताईंच्या नातवाची ती चिठ्ठी पावसात भिजली. अंगणवाडीतल्या बाईंना पोर परत आलंय हे तेव्हा कळलं, जेव्हा तो पुन्हा वजनाच्या काट्यात बसला आणि काटा पुन्हा खाली आला होता. सरकार आमच्यावर नजर ठेवतंय म्हणणाऱ्यांनी एकदा त्या काट्याशी उभं राहावं. तिथे कोणाची नजरच पोहोचत नाही.

‘विमा कंपन्यांना विकतात’

आभातून विमा कंपनीला कागद हवे असतील तर तिलाही तीच संमती लागते. चोरून विकले जाण्याचा धोका कुठल्याही साठ्याला असतो. जून २०२३ मध्ये लसीकरणाचे तपशील टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्याच होत्या, सरकारने त्या नाकारल्या तरी लोकांच्या मनातली शंका गेली नाही. पण आपण रोज काय करतो? पॉलिसी घेताना बारीक अक्षरातल्या फॉर्मवर ‘माझी वैद्यकीय माहिती कुठूनही घ्या’ म्हणून सही ठोकतो, आणि क्लेमच्या वेळी अख्खी फाइल झेरॉक्स काढून आपणच पाठवतो. कंपनीला आभाची वाट बघायची गरज नाही.

‘कायदाच नाही’

आहे, आणि अपुरा आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी १८ महिन्यांची मुदत ठेवली. दंड २५० कोटींपर्यंत. पण त्याच कायद्याचं कलम ७ सरकारला एक दार उघडं ठेवतं: अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकारकडे आधीच असलेली माहिती दर वेळी नव्याने संमती न घेता वापरता येते. मेसेज लिहिणाऱ्याने कायदा उघडून हे एक कलम दाखवलं असतं, तर त्याची बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

काही आजारांना याहून कडक कवच आहे. एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यात माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई आहे, अपवाद मोजके. मानसिक आरोग्याच्या त्याच वर्षीच्या कायद्यातही उपचारांची गोपनीयता रुग्णाचा हक्क म्हणून लिहिली आहे. आणि २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. एवढं असताना ‘कायदाच नाही’ सांगून लोकांच्या हातातलं एकमेव हत्यारही काढून घेतल्यासारखं होतं. कोणी तुमचा रिपोर्ट उघड केला तर तक्रार करायची, हे सुचायला कायदा आहे हे आधी माहीत असावं लागतं.

‘म्हणून आयुष्मान काढू नका, केवायसी करू नका’

इथे मेसेजने दोन वेगळ्या गोष्टींचा काला केलाय. आभा ऐच्छिक आहे. ती नसली म्हणून सरकारी दवाखाना तुम्हाला हाकलू शकत नाही. ज्यांना नको त्यांनी बिनधास्त काढू नये, मी आग्रह करत नाही. आयुष्मान कार्ड ही दुसरीच वस्तू, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं. ७० पूर्ण झालेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळतं, वय वंदना नावाने. त्याला आधारची केवायसी लागतेच.

त्या योजनेचा कारभार धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणणार नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल नंबरवर नोंदलेले निघाले. बँकेत असतं तर पहिल्याच ऑडिटला आमच्या मॅनेजरची बदली झाली असती. पण नंबर खोटा निघाला म्हणून आधार परत नेणाऱ्या त्या काकांच्या छातीतलं दुखणं खोटं ठरत नाही, आणि त्यांच्या पेन्शनीत अँजिओप्लास्टी बसत नाही. हे मी त्यांना जिन्यातच सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मुलाला विचारतो." मुलगा पुण्याला. मेसेज ग्रुपवर त्यानेच टाकला होता.

काकूंचं म्हणाल, तर दोन अर्ज, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर एक तक्रार आणि झोन कार्यालयाच्या तीन फेऱ्यांनंतर त्या समग्रमध्ये जिवंत झाल्या. रेशनच्या पात्रता पर्चीवर अजून यजमानांचंच नाव आहे, आणि माणसांच्या रकान्यात एक. सोमवारी पुन्हा जायचंय. या वेळी यजमानांच्या मृत्यूचा दाखला तीन प्रतींत घेतलाय.