पन्हाळ्याचे गोळे आणि लेडनहॉल स्ट्रीटची पत्रं

‘तुम्ही कैदेत कसे पडलात ते तुम्हाला पुरतं ठाऊक आहे. कंपनीच्या मालाचं रक्षण करताना नव्हे. पन्हाळ्याच्या वेढ्यात गेलात, इंग्रजांचं म्हणून सगळे ओळखतात ते निशाण लावलंत आणि गोळे फेकलेत, म्हणून.’

मार्च १६६२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीने आपल्याच माणसांना लिहिलेल्या पत्रातल्या या ओळी. ही माणसं कंपनीच्या राजापूरच्या वखारीतली. शिवाजी महाराजांनी त्यांना पकडून गडावर ठेवलं होतं आणि त्याला वर्ष होत आलं होतं. सुटकेसाठी काहीतरी करा, अशा विनवण्या त्यांनी वरिष्ठांना केल्या होत्या. त्यावर आलेलं हे उत्तर.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने या पत्राच्या इंग्रजी छापील पानाचा फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘बघा, इंग्रजांनीच कबूल केलंय.’ पाच मिनिटांत कोल्हापूरच्या दादाचं उत्तर आलं, ‘इंग्रजांच्या कागदावर आपला इतिहास ठरवायचा का?’ मग दोन दिवस तेच चाललं. एक बाजू म्हणते, परकीयाने लिहिलंय म्हणजे निःपक्षपाती. दुसरी म्हणते, परकीयाने लिहिलंय म्हणजे खोटं. महाराष्ट्रातले इतिहासाचे बहुतेक वाद मला इथून असेच दिसतात. पुरावा कुणाचा यावर माणसं तावातावाने बोलतात. तो कागद कशासाठी लिहिला होता, हे कुणी विचारत नाही.

मला ते विचारल्याशिवाय राहवत नाही. सतरा वर्षं मी लंडनमध्ये सागरी विम्याचे क्लेम तपासते. माल बुडाला, भिजला, चोरीला गेला की बंदरातला एजंट हेड ऑफिसला काय लिहितो आणि तेच नुकसान समोरच्या पक्षाकडे मागताना काय लिहितो, ही दोन्ही पत्रं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी येतात. माझं ऑफिस लेडनहॉल स्ट्रीटपासून चालत चार मिनिटांवर आहे. त्या रस्त्यावर आज लॉइड्स या विमा बाजाराची पोलादी नळ्यांची इमारत उभी आहे, तिथेच पूर्वी ईस्ट इंडिया हाउस, म्हणजे कंपनीचं मुख्यालय होतं. सुरत, राजापूर, कारवारची पत्रं शेवटी तिथे येऊन उघडली जात. सुरतेहून निघालेलं पत्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून इथे पोचायला सहा-सात महिने लागत. त्याचं उत्तर परत जाईपर्यंत पुढचा हंगाम उजाडलेला असे. रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिथून जाते. माहेर राजापूर तालुक्यातलं असल्यामुळे असेल, पण तिथून जाताना ती पत्रं मनात येतातच.

आता प्रकरण काय होतं ते सांगते, कारण फोटोतल्या एका पानावरून ते कळत नाही.

इंग्रज राजापुरात आले ते १६५० च्या सुमारास. त्यांना हवी होती मिरी, वेलची आणि घाटावरून उतरणारं सुती कापड. द्यायला त्यांच्याकडे शिसं, तांबं, पोवळी आणि बनात, म्हणजे जाड लोकरी कापड होतं. बंदर आदिलशाहीचं, तिथला सरदार रुस्तुम-ए-जमान, आणि त्याच्याकडे इंग्रजांचे पैसे अडकलेले. अफझलखान पडल्यावर महाराजांची फौज कोकणात उतरली आणि बंदरातल्या गलबतांवरून तिची इंग्रजांशी कुरबूर झाली. फिलिप गिफर्ड नावाच्या वखारवाल्याला धरून खारेपाटणला नेलं होतं. तेव्हाचा राजापूरचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन. त्याने कधी महाराजांकडे शब्द टाकला, तर कधी विजापूरकडे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा हा रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि गरनाळ घेऊन वेढ्यात पोचला. माल खपवण्याचा हिशेब होता. दारूगोळा चांगला फुटतो हे विजापूरकरांना दाखवायचं होतं. गोळे पन्हाळ्यावर पडले आणि शेजारी इंग्रजांचं निशाण फडकत होतं.

महाराज पन्हाळ्यातून निसटले आणि पुढच्या वर्षी त्यांनी राजापूर गाठलं. वखार खणून काढली, इंग्रज पकडले. ते सुटले १६६३ च्या सुरुवातीला.

आता ते पत्र पुन्हा वाचा. हे पत्र जगासाठी लिहिलेलं नाही, महाराजांनी वाचावं म्हणून तर नाहीच. वरिष्ठ ऑफिसने अडचणीत आलेल्या ब्रँचला लिहिलेलं ते अंतर्गत पत्र आहे आणि त्याचा हेतू स्वच्छ आहे. उद्या लंडनने विचारलं की तुमची माणसं कैदेत कशी, तर सुरतेच्या दप्तरात उत्तर तयार हवं: ती त्यांच्या करणीने पडली, आमच्या सांगण्यावरून नव्हे. कैद्यांनी उलट सुरतेच्या अध्यक्षावर हलगर्जीचा आरोप केला. त्यांच्या पत्रांतला राग साडेतीनशे वर्षांनीही निवलेला नाही. दोन्हीकडची पत्रं खरी आहेत आणि दोन्हीकडची आपापली मान सोडवण्यासाठी लिहिलेली आहेत.

म्हणून ते पत्र खोटं ठरतं का? नाही. माझ्या कामात सगळ्यात भरवशाचा कागद हाच असतो. बाहेर दाखवायचा नसलेला आणि कुणाला तरी दोष देण्यासाठी लिहिलेला. दोष देणारा माणूस तपशील नेमका देतो: कोणतं निशाण, कुठला वेढा, काय फेकलं. पन्हाळ्यावर इंग्रज निशाणाखाली मारा झाला, याला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही. मात्र ही ‘कबुली’ नव्हे. सुरतेने स्वतःचं काहीच कबूल केलेलं नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घातलंय. भाचा इथे चुकला.

आणि दादा कुठे चुकला? त्याने बाहेरची पत्रं पाहिलीच नाहीत. आतल्या पत्रात ‘तुमचीच चूक’ असं लिहिणाऱ्या याच सुरतेने पुढची बारा वर्षं महाराजांकडे राजापूरच्या लुटीची भरपाई मागितली. त्यासाठी वकील पाठवले, १६७२ मध्ये अस्टिक आणि १६७३ मध्ये निकोल्स. दोघांच्या हाती फारसं लागलं नाही. शेवटी १६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झेंडन, दुभाषा नारायण शेणवी यांच्यासह, रायगडाकडे निघाला. राज्याभिषेकाचं वर्णन म्हणून आपण ज्याचं टिपण वाचतो तो हा ऑक्झेंडन. सुवर्णतुलेत सोळा हजार होन चढले, असं तो लिहितो. दरवाजाशी दोन हत्ती पाहून, ते एवढ्या चढाच्या गडावर आणले कसे, याचं त्याला नवल वाटतं. आपल्याकडे तेवढंच वाचलं जातं. पण तो तिथे गेला होता तेरा वर्षं रखडलेला क्लेम वसूल करायला आणि व्यापाराची कलमं पदरात पाडून घ्यायला. क्लेमची तडजोड झाली दहा हजार होनांवर. आदळून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत करण्याच्या कलमावर, हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, असा आक्षेप महाराजांनी घेतल्याचंही त्याने नोंदवलंय. विम्यात काम करणारीला या एका ओळीत केवढं काय दिसतं ते कसं सांगू! फुटक्या जहाजावर हक्क कुणाचा, हा समुद्रावरच्या सत्तेचाच प्रश्न असतो, आणि महाराजांनी तो नेमका हेरला होता.

इंग्रजांचे कागद फेकून दिले तर ही ओळही जाते. आपल्या राजाची व्यवहाराची नजर शत्रूच्या हिशेबी टिपणातून अशी समोर येते, आणि आपण ती नको म्हणायची?

याचा अर्थ ही पत्रं डोळे मिटून घ्यावीत असा नाही. १६६४ मध्ये सुरत लुटली गेली तेव्हा तिथल्या वखारीचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन (रायगडावर गेलेला हेन्री वेगळा) याने वखार कशी लढवली, याची वर्णनं सुरतेहून मोठ्या अभिमानाने लंडनला गेली. कंपनीने त्याला सुवर्णपदक दिलं आणि औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना वर्षाची जकात माफ केली. शौर्याच्या पत्राला बक्षीस मिळणार असेल तर शौर्य किती चढवून लिहिलं जाईल, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय बरेचसे वखारवाले कंपनीच्या पगारावर राहून स्वतःचा खाजगी व्यापारही करत, तो पत्रांत येणं शक्यच नव्हतं. आणि वीरजी व्होरासारख्या सुरतेच्या सावकाराकडून हेच इंग्रज कर्ज काढत. आधी मिरीच्या भावावरून त्याच्या नावाने बोटं मोडायची आणि मग त्याच्याच दारात पैशासाठी उभं राहायचं. ही पत्रं वाचताना भाव, येणं, देणं आणि वरच्याची मर्जी या चार गोष्टी सतत मनात ठेवाव्या लागतात. त्या ठेवल्या की पत्र बोलू लागतं.

ग्रुपवरच्या वादात आणखी एक गाठ बसली होती. भाच्याच्या पानावर तारीख होती १० मार्च १६६१. दादाने लगेच पकडलं: राजापूरची लूट मार्च १६६१ ची, मग त्याच महिन्यात सुरतेहून बोलणी खायला पत्र कसं आलं? बनावट आहे. बनावट काही नव्हतं. त्या काळी इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतची सगळी पत्रं त्यांच्या लेखी आदल्या वर्षात पडतात. त्यांचा १० मार्च १६६१ म्हणजे आपला १६६२. सुरतेची जानेवारी १६६४ ची लूटही त्यांच्या पत्रांत १६६३ ची म्हणून येते.

त्यातच भर म्हणजे इंग्लंडने १७५२ पर्यंत जुनी, ज्युलियन दिनदर्शिका धरून ठेवली होती आणि ती सतराव्या शतकात आजच्या गणनेपेक्षा दहा दिवस मागे होती. ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, ही राज्याभिषेकाची तारीख जुन्या गणनेतली आहे. आजच्या गणनेत तो दिवस १६ जून येतो. दरवर्षी तिथी की तारीख यावर आपल्याकडे भांडणं होतात आणि रायगडावर सोहळा दोनदा होतो. दोनदा का होईना, होतो याचा मला आनंदच आहे. पण ‘तारीख म्हणजे शास्त्रीय, तिथी म्हणजे भावनिक’ असं जे ठासून सांगितलं जातं ते मला पटत नाही. आपल्या पंचांगाने तो दिवस जास्त नीट सांभाळलाय. माझं मत तिथीच्या बाजूने आहे आणि ते मी इंग्रजी पत्रं वाचून बनवलंय.

सेंट पॅन्क्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनीच्या वखारींची दप्तरं आहेत. वाचकाचा पास फुकट मिळतो. वर्षातून पाच-सहा शनिवार मी तिथे जाते. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल घ्यायची, पुस्तक फोमच्या उशीवर ठेवायचं. आजूबाजूला शांतता असते. माझ्या ऑफिसात कुणाला राजापूर माहीत नाही आणि मुलीच्या इथल्या शाळेत कंपनीचा विषय जेमतेम येऊन गेला. ज्यांनी ती पत्रं लिहिली त्यांच्या देशात त्यांच्याबद्दल कुणाला काही वाटत नाही, आणि ज्यांच्याबद्दल ती लिहिली त्यांच्या देशात सगळ्यांना सगळंच वाटतं पण कुणी वाचत नाही. या दोन्हींच्या मधोमध मी बसलेली असते आणि फार एकटं वाटतं, हे खरं आहे.

वाघनखं साताऱ्याला जायची ठरली तेव्हा ओळखीतल्या कितीतरी जणांनी मला फोन केले, तू पाहिलीस का, कशी दिसतात. मी आवडीने सांगितलं. राजापूरच्या पत्रांबद्दल मात्र आजवर एकाही नातेवाइकाने विचारलं नव्हतं.

दादाच्या म्हणण्यात एक खरी कळ आहे, ती मी नाकारत नाही. आपल्या बाजूचे कागद कुठे आहेत? राजापूरचे दलाल, कोष्टी, वेलचीचे व्यापारी काय लिहीत होते? बरंच गेलं. पण जे आहे त्यात आज्ञापत्र हा राज्यनीतीवरचा ग्रंथ आहे, रामचंद्रपंत अमात्यांच्या लेखणीतला, १७१५ चा. त्यात ‘साहुकार म्हणजे राज्याची शोभा’ म्हटलंय आणि लगेच टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियनांबद्दल सावध केलंय. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांचे धनी राज्यकर्ते आहेत, यांना वखारीला जागा द्यावी लागलीच तर किनाऱ्यावर देऊ नये. गोऱ्या व्यापाऱ्याचं पत्र कसं वाचावं, हे शिकवणारा याहून चांगला मजकूर मला इंग्रजीतही भेटलेला नाही. आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी मोडी कागद आहेत. ते वाचू शकणारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. इंग्रजांच्या कागदावर इतिहास ठरवायचा नसेल तर मोडी शिकलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर ‘नाही’ लिहून ते होत नाही. हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आबांच्या पेटीत मोडीतली दोन-तीन खतं आहेत, दिवाळीला आलीस की काढू.

परवा रात्री उशिरा भाच्याचा निरोप आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. छापील खंडांची पानं त्याने शोधून काढली होती, पण सूचीत पन्हाळा सापडत नव्हता.

‘मावशी, हे लोक पन्हाळा कसं लिहितात गं?’

मी लिहिलं, ‘पॅनेला. आणि शिवाजी शोधशील तर सेवागी, सेवाजी, दोन्ही बघ.’